चारचौघांत बोललं गेलं

दुष्काळाचे दिवस होते. पुण्याच्या समाजकार्य महाविद्यालयानं मला क्षेत्रकार्यासाठी निमोण्याला धाडलं, तेव्हा दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या दारात वडील एवढंच म्हणाले, "जपून राहा." कशापासून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्हा बौद्धांच्या घरात ते वेगळं शिकवावं लागत नसे.

गावातल्या एका बागायतदाराच्या घरी माझी सोय झाली. घरच्या मावशींनी आल्या दिवशीच विचारलं, "गाव कंचं?" दौंड. "वडील?" रेल्वेत. माझं आडनाव मराठ्यांतही सापडतं, आमच्यातही. पुढचा प्रश्न आला नाही. मी खोटं बोलले नव्हते, पण तो पुढचा, जातीचा प्रश्न कधीही येईल म्हणून जेवण घाईनं उरकायची. मावशी मायाळू. "बस, उठू नगंस," म्हणत पाणीसुद्धा स्वतः ओतून द्यायच्या. मला तो पाहुणचार वाटायचा. तरी माठाजवळून जाताना मी अंग चोरूनच जायची.

सकाळी दुष्काळी कामावर लेकरांना सुकडीचा सरकारी खाऊ वाटायचा, दुपारी बायकांची बैठक घ्यायची. बैठकीला बौद्ध वस्तीतल्या बायकाही येत. त्यांतल्या एकीनं मला लगेच ओळखलं, तिची बहीण दौंडला आमच्याच रेल्वेच्या चाळीत राहायची. ती कुणाला काही बोलली नाही, फक्त बैठकीत माझ्यापासून लांब बसायला लागली. ती माझ्यासाठीच, माझी जात उघडी पडू नये म्हणून लांब बसतेय, हे मला कळायचं.

महिन्याभरानं आमचे सर पाहणीला आले. भला माणूस, पुस्तकं कोळून प्यालेला. शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. समाजकार्य म्हणजे दानधर्म नव्हे, ते शास्त्र आहे, हे सांगून झाल्यावर सर माझ्याकडे वळले आणि कौतुकानं म्हणाले, "या व्यवसायाचं भविष्य बघायचं असेल तर हिच्याकडे बघा. तुमच्या बौद्धवाड्यातल्यासारख्याच घरातली मुलगी, आज शिष्यवृत्तीवर शिकतेय."

सरपंचांनी चहा सांगितला. मावशी पदर सारखा करत खाली बघत राहिल्या. सरांची जीप निघाली तेव्हा तिच्यामागं पळत सुटावंसं वाटलं.

घरी पोचले तर माझी पिशवी ओसरीवर भरून ठेवलेली, कपड्यांच्या नीट घड्या घालून. मावशी शेजारीच बसल्या होत्या.

"मला म्हाईत व्हतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्या दिवसापास्नं. पर कुणी बोललं नव्हतं. आता चारचौघांत बोललं गेलं. आमच्या मालकांना गावात ऱ्हायचंय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र तो माठ आठवला, आणि इतके दिवस पाणी त्या स्वतः का ओतत होत्या ते कळलं. रडू आलं आणि चीडही.

पिशवी घेऊन वस्तीत गेले. लांब बसणाऱ्या त्या बाईनं दार उघडून मला आत घेतलं. "ऱ्हा की. तुझंच घर हाय," ती म्हणाली. मग माझी पिशवी कोपऱ्यात ठेवत म्हणाली, "पर आमच्या घागरीत पाणी त्या बागायतदाराच्याच हिरीवरनं पडतंय, बाय."

तिची भीती माझ्या भीतीपेक्षा मोठी होती. संध्याकाळच्या एसटीनं मी शिरूरला गेले आणि उरलेलं क्षेत्रकार्य तिथून रोज जाऊन-येऊन पुरं केलं. वस्तीतल्या बायका बैठकीला यायच्या बंद झाल्या. सरांना सांगितलं तर ते गोंधळून म्हणाले, "पण मी अभिमानानं बोललो होतो." ते खरंच होतं, म्हणून मला त्यांच्यावर नीट रागावताही आलं नाही.

पुढं मीही हाच विषय शिकवू लागले. विद्यार्थ्यांच्या पाहणीला गेले की गावात शिरण्याआधी त्यांना एसटीच्या थांब्यावरच बाजूला घेते आणि विचारते, "इथं तुझ्याबद्दल काय बोलायचं नाही?" काही जण हसतात, म्हणतात, "मॅडम, आता तसं काही राहिलं नाही." एखादी मुलगी मात्र हसत नाही, नुसती खाली बघते. त्या गावात मी भाषण करत नाही.