गाडी सुरू झाली की

गॅरेजमध्ये ह्यांच्या हातून पाना पडल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकते, हे गेल्या वर्षभरातलं. आधीही पाने पडायचे आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, की फरशी फुटेल. आता ओरडत नाही. उठून बघायला जाते, आणि काहीतरी निमित्त हवं म्हणून हातात चहाचा कप नेते. दिवसाला किती चहा होतो ते विचारू नका.

सक्करदऱ्यातल्या आमच्या घराला रस्त्याच्या बाजूने एक गॅरेज आहे. कारसाठी बांधलं, कार कधी घेतली नाही. तिथे ह्यांची कॉलेजच्या काळातली टू-स्ट्रोक मोटरसायकल कित्येक वर्षं जुन्या चादरीखाली उभी होती. एके काळी पोरं जिच्यामागे वेडी होती त्यातली. हँडल बुटकं, बसायचं पुढे झुकून, आणि आवाज असा की ती गल्लीच्या तोंडाशी आली की सासूबाई पोळ्यांचा तवा ठेवायच्या. हे रिटायर झाले आणि आठवडाभरात चादर निघाली. "पूर्ण इंजिन खोलतो अन् नवीन करतो," म्हणाले. मला बरंच वाटलं. घरात बसून माझ्या फोडणीला नावं ठेवण्यापेक्षा ते बरं.

ह्यांची नोकरी वाडीला होती, ट्रान्सपोर्टच्या गोदामात. कोणत्या ट्रकमध्ये कोणाचा माल, किती नग आले, किती गेले, सगळं डोक्यात. मालक कागद शोधत बसायचा आणि हे उभ्या उभ्या सांगून मोकळे व्हायचे. आमच्या लग्नात कोणी कोणता आहेर केला तेसुद्धा ह्यांना पाठ आहे, आणि भांडण झालं की माझ्या काकांनी दिलेली चिरलेली फुलदाणी हमखास बाहेर निघते. असा माणूस एका सकाळी गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर गेला आणि तसाच भरलेला डबा घेऊन परत आला. "चक्की बंद आहे," म्हणाले, चिडून. संध्याकाळी मी स्वतः गेले. चक्कीवाला म्हणाला, साहेब समोरून दोनदा गेले, मी हाकही मारली.

मी तो डबा दळून आणला आणि त्याच पिठाच्या पोळ्या केल्या. रात्रभर मात्र मोठे दीर डोळ्यांसमोर येत राहिले. ते पारशिवनीकडे शेती करायचे. शेवटी शेवटी आपल्याच अंगणात उभं राहून विचारायचे, "हे घर कोणाचं आहे गा?" ह्यांनीच त्यांना किती वेळा हात धरून आत नेलं होतं. म्हणून काही दिवसांनी मी डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हा ह्यांनी 'काहून' असं विचारलं नाही. कार्बोरेटर पुसत नुसतं म्हणाले, "गाडी सुरू झाली की येतो. मंग तू म्हणशील तिथं नेजो."

तेव्हापासून त्या गाडीने माझी झोप उडवली. लवकर सुरू व्हावी असं वाटायचं, म्हणजे एकदाचं काय ते कळेल. आणि कधीच सुरू होऊ नये असंही वाटायचं, म्हणजे कळणार नाही. मी शाळेत शिकवते, परीक्षा घ्यायची सवय जात नाही. ह्यांनी खोललेले नट-बोल्ट ठेवायला मी घरातला जुना मसाल्याचा डबा दिला होता. चहा घेऊन गेले की त्यातल्या एखाद्या वाटीतला बोल्ट उचलायचा आणि भोळेपणाने विचारायचं, हा कुठला हो? हे न बघता सांगायचे, मॅग्नेटच्या झाकणाचा, किंवा फुटरेस्टचा. बरोबरच असणार, मला कुठे तपासता येत होतं? पण त्या आवाजात अडखळ नसली की मला दिवसभर पुरायचं. एकदा मान वर न करता म्हणाले, "परीक्षा घेऊन राहिली का वं?" मी म्हटलं, छे, आणि कप उचलून आत आले.

एप्रिलात इंजिन जोडायला घेतलं. गॅरेजमध्ये उभं राहवत नव्हतं इतकं तापलेलं, म्हणून कूलर तिकडे सरकवला. त्या दिवशी पिस्टन बसवायचा होता. पिस्टन ज्या पिनेवर झुलतो तिच्या दोन्ही टोकांना तारेचं एकेक बारीक कडं बसतं, त्याला लॉक म्हणतात. ते फार चिवट, पकडीतून सटकलं तर उडतं. आणि खाली इंजिनाचं तोंड उघडं असतं. त्यात पडलं तर जोडलेलं सगळं पुन्हा खोलावं लागतं. म्हणून आधी त्या तोंडात कपडा कोंबायचा आणि मगच लॉकला हात लावायचा. हे मला ह्यांनीच सांगितलं होतं, एकदा नाही, मला पाठ होईपर्यंत.

मी समोर बसून पिस्टन धरला होता. ह्यांनी पकडीत लॉक घेतलं, वाकले, दाबलं, आणि ते उडालं. कूलरच्या घरघरीत कुठे पडलं ते ऐकू आलं नाही. मग ह्यांनी खाली बघितलं. इंजिनाचं तोंड उघडं होतं, आतलं तेल चमकत होतं.

"कपडा होता का वं इथं?" त्यांनी विचारलं.

कपडा त्यांच्या खांद्यावर होता. मी त्याकडे बघितलं, मग त्यांनी बघितलं. त्यांनी तो हळूच खाली ओढला आणि हातात धरून बसले. "लावला होता मी," म्हणाले, आणि जरा वेळाने, "मले आठवून नाही राहिलं."

आम्ही फरशी झाडली, कूलर हलवला, लोहचुंबकाला दोरी बांधून इंजिनाच्या आत सोडलं. काही लागलं नाही. आत असेल तर गाडी चालू करताच सगळं फाडून टाकेल, म्हणाले. "खोलावंच लागते आता. पुन्हा पहिल्यापासून." त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. घाबरलेल्या माणसाचा आवाज होता तो, आणि असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी धुवायला टाकताना ओढणी झटकली तर बाथरूमच्या फरशीवर टिक्‌ असा आवाज झाला. लॉक ओढणीच्या घडीत अडकून माझ्यासोबत घरभर फिरलं होतं. मी ते मुठीत घेऊन तिथेच बादलीशेजारी उभी राहिले. हे दिलं नाही तर इंजिन पुन्हा उघडेल, उन्हाळा जाईल, पावसाळाही जाईल, डॉक्टर लांबतील. असा विचार आला आणि मला माझीच भीती वाटली. मी गॅरेजमध्ये गेले आणि तळहात त्यांच्यापुढे उघडला.

त्यांनी ते उजेडात धरून फिरवून बघितलं. मग म्हणाले, हे आता वापरायचं नाही, एकदा उडालेलं लॉक पुन्हा धरत नाही, नवीन आणतो. नवीन आणलं. बसवायच्या आधी तो कपडा माझ्या हातात दिला. "तू लाव. अन् दोन्ही लॉक बसल्याबिगर काढजो नको, मी म्हटलं तरी."

मे संपता संपता एका दुपारी गाडी सुरू झाली. किका मारून मारून ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, तेवढ्यात ती एकदम पेटली. गॅरेजभर निळा धूर, समोरच्या घरचे गॅलरीत आले. हे एक्सलेटर पिळत लहान पोरासारखे हसत होते. मीही हसले, आणि हसता हसताच थांबले. गाडी सुरू झाली होती.

त्यांनी गाडी बंद केली. मी आत येऊन वांगी चिरायला बसले. खरं सांगते, वर्षभर ह्यांच्या प्रत्येक विसरण्याला भ्यायले आणि त्या दुपारी मनोमन विनवत होते की ह्यांनी एवढी एक गोष्ट विसरावी.

बाथरूममध्ये बराच वेळ पाणी वाजत होतं. मग हे इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, केस विंचरलेले, नखं अजून काळीच. खिळ्यावरची माझ्या स्कूटरची किल्ली काढली. स्कूटर माझी असली तरी दोघं निघालो की चालवणार हेच. माझ्या मागे ते आजवर कधी बसलेले नाहीत. ती किल्ली त्यांनी माझ्यापुढे, चिरलेल्या वांग्यांच्या शेजारी ठेवली.

"चाल. आज गुरुवार आहे. तुझा तो मेंदूचा डॉक्टर गुरुवारी पाचले बसते म्हणे ना?"

डॉक्टरांचा वार मी एकदाच सांगितला होता, तोही चक्कीच्या दिवसांत. मी हात पुसले. "तुम्ही चालवा," म्हटलं, सवयीने.

"नाही वं. मी मागं बसतो. रस्ता आता तू ध्यानात ठेवजो."

मी वांगी पाण्यात टाकली, गॅस बघितला, दाराला कुलूप लावलं आणि स्कूटर बाहेर काढली.