निळ्या बाटलीवरचा दोरा

बाटलीचं बूच काढायच्या आधी सर्जेराव हात धुवायचा आणि वाऱ्यावर वाळवायचा. टॉवेलला पुसायचा नाही. टॉवेलला साबणाचा वास असतो म्हणे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलो. त्यानं लक्षच दिलं नाही. माझ्या मनगटावर एक थेंब टेकवला आणि म्हणाला, "आत्ता हुंगू नको. पहिला वास थापा मारतो. च्या पी, मग हुंग." चहा पिऊन हुंगलं तर आधीचा गोडपणा पार गेलेला, मागं ओलं लाकूड आणि लवंग राहिलेली.

जन्मभर तो पाचगणीच्या एका हॉटेलात खोल्या आवरायचा. पाहुणे अत्तराच्या बाटल्या टाकून जायचे, हा गोळा करायचा. दुकानादुकानांत मिळणाऱ्या बाटलीला हात लावायचा नाही. कुणी एकट्यानं, थोडंच केलेलं अत्तर असलं तर तळातल्या चार थेंबांसाठीसुद्धा ती जपायचा. बायको वारल्यावर ट्रंकभर बाटल्या घेऊन तो माधवनगरला लेकीकडं, सुनंदाकडं, राहायला आला. तिचं घर माझ्या भिंतीला लागून.

मी चौथी शिकलेला. गिरणीत मागावर जन्म गेला. अत्तर म्हणजे लग्नात मनगटाला लावतात ते, एवढंच ठाऊक. पण त्यानं मला बाटल्या बघायला शिकवलं. उन्हाला धरून म्हणायचा, "मान बघ आधी. मान बारीक, म्हंजे करनाऱ्याला थेंबाची कदर हाय." एक बाटली नदीतल्या गोट्यासारखी होती, मुठीत आपोआप बसायची. दुसरीचे खांदे वर ओढलेले. "ही बघ, सासूम्होरं हुबी ऱ्हायल्यागत दिसती," म्हणून तो हसायचा.

निळ्या बाटलीबद्दल मात्र तो हसला नाही. वीतभरसुद्धा नव्हती ती. बूड जाड आणि जड, कागद चिकटवलेला नाही, बूचही काचेचं. ते फिरवलं की काचेवर काच घासल्याचा बारीक, दातात जाणारा आवाज यायचा. हॉटेलात महिनाभर राहिलेल्या एका पाहुण्यानं ती दिली होती. तो स्वतः अत्तरं करायचा. सर्जेरावची बायको इंदू हळद शिजवायच्या कामाला जायची. घरी आली की तिच्या लुगड्याला शिजल्या हळदीचा, धुराचा आणि तिळाच्या तेलाचा वास असायचा. सर्जेरावनं हे सांगितलं आणि त्या माणसानं तसाच वास करून दिला. एकच बाटली. पुढं तो माणूसही वारला.

"ही सपली की इंदू दुसऱ्यांदा जानार, शिवा," तो म्हणाला होता. वर्षातनं एकदाच, तिच्या तिथीला, तो बूच काढायचा. अत्तर जिथवर होतं तिथं मी लाल दोरा बांधून दिला. गाठ मागावरची. मारली की हलत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यानं मला हाक मारली. अत्तर दोऱ्याच्या खाली गेलं होतं. करंगळीभर.

"उडतं का रं?" त्यानं विचारलं.

मी बूच फिरवून बघितलं. मशीनवर जन्म घालवलेला माणूस मी, छाती काढून सांगितलं, "काचेला काच घासून बसवलीया. उडायचं नाव न्हाई. कुनीतरी उघडतंय."

आपल्याच हातानं मी माझी सुटायची वाट बंद करून घेतली.

महिन्याभरात अत्तर आणखी उतरलं. सर्जेराव माझ्या डोळ्यांत बघत बोलला, "सुनंदाला वासानं डोस्कं धरतं. जावई वरसातनं दोनदा रजेवर येतो. ह्या खोलीत दुसरं कोन येतं, शिवा?"

माझ्यावर आजवर कुणी चोरीचा आळ घेतला नव्हता. मी उठलो. "मेलास तरी तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवनार न्हाई," म्हणालो आणि खरंच ठेवला नाही. आम्ही अंगणात समोरासमोर आलो तरी थुंकायच्या निमित्तानं तोंड फिरवायचो. दुपारी भिंतीपलीकडनं तो काचेचा आवाज यायचा. आधी एकदा, मग दोनदा, मग दिवसातनं चार-चारदा. मला वाटायचं, किती उरलंय बघत बसलाय. बस म्हटलं.

मग सुनंदा आली. "काका, आप्पा काल दूध आनाय गेलं, त्यास्नी घर गावंना. तुमी तरी या."

गेलो. तो खिडकीशी पाठमोरा बसला होता. हात धुतलेले, वर धरून वाळवत होता. मग बूच काढलं, एक थेंब गळ्याशी लावला, डोळे मिटले. खोलीभर शिजल्या हळदीचा वास. बूच लावलं. बाटली ठेवली. पुन्हा उचलून उन्हाला धरली आणि ओरडला.

"सुनंदा! आगं, कोन आलतं? पुन्ना कमी झालंय!"

अत्तर त्याच्या गळ्यावर अजून ओलं होतं.

सुनंदानं पदर तोंडाला लावला. तो वळला, मला बघितलं. तो भ्यालेला होता. चोराला भ्याला नव्हता. आपल्याच डोक्यातलं काहीतरी उतरत चाललंय, हे त्याला कुठंतरी कळत होतं, आणि तो माझ्या तोंडाकडं बघत उभा होता.

मी आयुष्यात कुणापुढं वाकलो नाही. बायकोपुढं नाही, मुकादमापुढं नाही. त्या दिवशी म्हणालो, "मी उघडली, सर्जेराव. मला लय आवडती ती."

त्याचे खांदे एकदम सैल पडले. "तूच व्हय! चोरा, मला ठावंच हुतं," म्हणाला आणि हसला. "मागून घ्यायचीस की, लेका."

दुसऱ्या दिवशी तो सगळं विसरला. पुन्हा बाटली, पुन्हा तीच हाक. पुन्हा मी गेलो आणि कबूल केलं. सहा महिने मी चोरी कबूल करत होतो. कधी दिवसातनं दोनदा. अत्तर बुडाशी आलं तेव्हा तो सुनंदालाही ओळखत नव्हता. मला मात्र "चोर आला" म्हणून जागा करून द्यायचा.

श्रावणात तो गेला. दहाव्याला सुनंदानं बाटली माझ्या हातात ठेवली. "आप्पा म्हनलं हुतं, ही चोराला दे. त्याला लय आवडती."

बाटली कोरडी आहे. दोरा अजून तिथंच आहे, माझी गाठ सुटलेली नाही. बूच मी अजून फिरवलेलं नाही.