दुसरं कुलूप

नोकरीसाठी साताऱ्याहून इंदूरला आले, तेव्हा सांवेर रोडवरच्या शेवेच्या कारखान्यात मला आपलं म्हणणारा एकच माणूस होता. आमचे फिटर काका, तीन पिढ्या इंदुरात मुरलेलं मराठी घर. "बेटा, जेवलीस की नाही?" म्हणत माझ्या कोरड्या डब्यात ते रोज काकूंच्या हातची आमटी ओतायचे.

मी सेफ्टी ऑफिसर, आणि तोंडाची फटकळ. आल्या आल्या नियम केला: मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. मग ते मशीन कुणाच्या बापाला सुरू करता येणार नाही.

बाकीच्यांनी मुकाट कुलपं घेतली. काकांनी आपलं माझ्या टेबलावर परत आणून ठेवलं.

"आजवर मी आवाज दिल्याशिवाय कोणी बटण दाबलं नाही. अब अपने ही लोगों पे भरोसा नहीं? कुलूप चोरासाठी लावतात."

"काका, तुमच्यावर भरोसा आहे. बाकीच्यांच्या घाईवर नाही. एखाद्या दिवशी तुमचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही तर? कुलूप नाही तर काम नाही!"

हे सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात. काकांनी कुलूप उचललं, लावूही लागले. पण त्या दिवसापासून मी 'बेटा'ची 'मॅडमजी' झाले. आमटी बंद. मी वरून ताठ, आतून पार रडकुंडीला आलेली. परक्या गावातला एकुलता एक आपला माणूस मीच घालवला की काय!

मग एकदा बेसन मळायच्या मोठ्या मशीनचं पातं तपासायला मी स्वतःच आत वाकले. अर्थात, कुलूप लावूनच. काम आटपून ते काढायला गेले, तर शेजारी दुसरं लटकत होतं. सुपरवायझर ओरडत होता, "अरे भिया, माल अटका है, ये ताला किसका है?"

स्विचखाली स्टुलावर काका बसले होते. जेवणाची सुट्टी संपलेली, तरी मांडीवरचा डबा तसाच बंद. त्यांचं तिथे काहीएक काम नव्हतं.

"काका, तुम्ही कशाला लावलंत? माझं होतं की!"

"तुझ्यावर भरोसा आहे, बेटा. यांच्या घाईवर नाही."

बेटा! माझे डोळे भरून आले. "काढा आता," मी कसंबसं म्हटलं.

"रुक. पहिले हात दाखव."

बेसनाने माखलेले दोन्ही हात मी पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, बोटन्‌बोट. मगच खिशातून किल्ली काढली.