मांडवातली शांतता

सनई वाजू लागली की लोकांचे चेहरे खुलतात. मी मात्र श्वास मोजू लागतो, बहुधा स्वतःचेच. हे कधीपासून, ते मला नक्की सांगता येतं.

एकाहत्तरच्या वैशाखात पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मांडव आमच्या घराच्या भिंतीला लागून. भिंतीच्या अलीकडे माझे वडील अंथरुणाला खिळलेले; छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी मला मिनिटाचे श्वास मोजायला शिकवलं होतं आणि बजावलं होतं, चाळिसाच्या वर गेले तर आशा कमी. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. त्याआधी वडील गेले तर भावकीला सुतक लागणार आणि हळद लागलेल्या मुलीचं लग्न थांबणार. हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणीच नव्हतं.

सकाळी हळदीला सनई आणि संबळ सुरू झाला. मी मोजलं. अठ्ठाविसाचे चौतीस झाले. आवाजाने त्रास होतोय असं मी धरलं आणि चुलतभावाला सांगून वाजंत्री बंद करायला लावली.

दुपारी चारला आकडा अडतीस होता. वडिलांनी डोळे उघडले.

"वाजंत्री का बंद हाय?"

"तुम्हाला आराम पडावा म्हणून, नाना."

"खोटं बोलू नगं. मोडलं ना लगीन? माझ्यापायी?"

मी शपथ घेतली, बायकोनेही सांगून पाहिलं. त्यांना पटेना. आमच्याकडे लग्नघरची वाजंत्री बंद पडते ती लग्न मोडलं तरच. मुलीला आणून दाखवावं, तर हळद लागलेली नवरी मांडवाबाहेर पडत नाही. एकेचाळीस.

मी बाहेर आलो. राहुरीकडचं वऱ्हाड येऊन बसलं होतं. एक पाहुणे मोठ्याने म्हणाले, "लगीन हाय का मौनव्रत?" सनईवाल्याने मला गाठलंच. "मालक, आमाला काय नुसतं जेवायला आनलंय व्हय?"

चुलतभावाला मी बाजूला घेतलं. "दादा, वाजवायला सांगा."

"सकाळी तूच बंद करायला लावलं. आता वाजवलं आन् अक्षतांच्या आत नाना गेले म्हंजे? माझी पोरगी हळद लावून बसलीय."

"नाही वाजवलं तर लवकर जातील."

"तुझ्या आकड्यांवर आता कसा इश्वास ठेवू रं?"

"सकाळी माझं चुकलं," एवढंच मी म्हणालो. मग माझ्याकडे न बघता त्याने सनईवाल्याला हात केला.

घरात येऊन मी वडिलांच्या छातीवर हात ठेवला. पहिल्या मिनिटाला त्रेचाळीस! मग दिसलं, त्यांची बोटं गोधडीवर संबळाच्या ठेक्याने हलत होती. सकाळचे श्वासही आनंदाने वाढले असतील, हे मला तेव्हा सुचलं. पुढच्या मिनिटाला एकेचाळीस. मग चाळीस.

दिवस मावळतीला टेकला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि रिवाजाप्रमाणे वाजंत्री थांबली. वडिलांचे डोळे लगेच उघडले.

"मंगलाष्टकं चाललीत, नाना. ऐका."

भिंतीपलीकडून भटजींचा आवाज येत होता. नानांनी कान दिला.

"मग तू हितं काय करतूस? जा. पोरीवर अक्षता टाक."

बायको उशाशी बसली. मी मांडवात जाऊन उभा राहिलो, पण नजर आमच्या दाराकडे. समोर चुलतभाऊ, त्याचीही तिकडेच. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या आणि सनई-संबळ एकदम उसळला. मी लोकांना ढकलत घराकडे निघालो.

बायको दारात उभी होती, पदराने डोळे पुसत. माझे पाय जागीच थांबले.

"झोप लागलीय त्यांना," ती म्हणाली. "सनई वाजली तसे हसले, आन् डोळा लागला."

माझ्या मागोमाग चुलतभाऊ आला. वरखाली होणारी ती छाती त्याने उंबऱ्यातून पाहिली, आणि लग्नघरात शंभर कामं पडलेली असताना तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

वडील चौथ्या दिवशी सकाळी गेले. मुलगी तोवर राहुरीला सासरी पोचली होती.