पेकेन्यो घर

विहीणबाईंना दिल्लीला यायचं आमंत्रण द्यायला गेलो आणि पहिल्याच वाक्यात स्वतःच्या घराचं लिंग बदलून बसलो. "मि कासा एस पेकेन्यो," मी म्हणालो. माझं घर लहान आहे. म्हणायला हवं होतं पेकेन्या, कारण स्पॅनिशमध्ये घर 'ती' असतं.

माझी मुलगी लग्न करून स्पेनमध्ये राहते. तिच्या सासूबाईंशी चार वाक्यं तरी बोलता यावीत म्हणून मी पन्नाशीनंतर स्पॅनिशची वही केली होती. नामाप्रमाणे विशेषण बदलायचं हा धडा आला, तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, "हे आपल्याला काय शिकवतात? चांगला, चांगली, चांगलं करतच आपण मोठे झालो." आमचं सुंदर कुणासाठी बदलत नाही, तसं त्यांचं ग्रांदे, म्हणजे मोठं, हेही पुरुषाला आणि बाईला एकच, हे शोधून काढल्यावर तर मी दोन दिवस तोऱ्यात होतो. पण ऐन वेळी डोक्यात घर 'ते' होतं. त्यांच्याकडे 'ते' हे लिंगच नाही, म्हणून जवळचं दिसलं ते पुल्लिंग चिकटवून दिलं.

फोन चिवड्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर विहीणबाई हसल्या नाहीत. "पेकेन्या," असं हळूच म्हणून त्यांनी मान हलवली आणि पुढचं ऐकायला थांबल्या. त्यांच्या शेजारी बसलेली माझी मुलगीही हसली नाही. मला तेच लागलं.

ती नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. करोल बागेत मराठी मंडळींच्या गणपतीत तिने स्टेजवरून पाच वाक्यं म्हटली. "माझा घर द्वारकात आहे. माझा घर छोटा आहे." शाळेतली हिंदी जिभेवर बसलेली, मेरा घर, तसा माझा घर. मी तिसऱ्या रांगेतून ओरडलो, "अगं, घर ते. ते घर." मांडव हसला. त्या हशावर मी खूश होतो. तिची उरलेली तीन वाक्यं राहिली.

पुढे ती आईशी मराठी बोलायची, माझ्याशी हिंदी. दिल्लीतल्या मुलांचं असंच होतं, असं मी सगळ्यांना सांगायचो. आणि तो किस्साही सांगायचो, तिच्या आवाजाची नक्कल करून, तिच्या साखरपुड्यातसुद्धा.

विहीणबाई उठून गेल्यावर मी तिला विचारलं, "हसली का नाहीस गं?"

"हँस देती तो आप आगे से बोलते ही नहीं, पापा," ती म्हणाली. रागाने नाही. मला चहा नको, असं सांगावं तसं.

मी वही मिटली. मग म्हणालो, "मांडवात मी लोकांना तुझ्यावर हसवायला नको होतं. माझं चुकलं." हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने सोपं आहे. मला बोलायला वीस वर्षं लागली. "माझ्याशी मराठीत बोलशील का? कशीही बोल."

मला वाटलं, नेट गेलं. मग सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवत ती म्हणाली, "माझा घर इथे पण छोटाच आहे. पण तुम्ही दोघं आधी या."

"येतो," मी म्हणालो. एवढंच.

फोन बंद झाला. बायको शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिने डब्याचं झाकण लावलं.

"'घर ते' अगदी ओठांवर आलं होतं तुमच्या," ती म्हणाली, "मी बघत होते. गिळलंत, बरं केलंत. आता तो मांडवातला किस्साही गिळा."