पिन सारणारी

छऱ्याच्या जुन्या बंदुका दुरुस्त करणारा म्हणून मिस्त्रीचं नाव चार गावांत होतं. त्याच्या बायकोचं कुठेच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर निम्मं काम बाईंचंच होतं. या बंदुकीतली स्प्रिंग चांगली हातभर लांब. ती नळीत घालायची, वरून लोखंडी ठोकळा जीव खाऊन रेटायचा आणि दोन्हींची भोकं समोरासमोर आली की त्यांत पिन सारायची. रेटायला मिस्त्री, सारायला बाई. सव्वीस वर्षं हेच. दाबायला शिकंजा करून घ्या, असं बाईंनी दहादा सांगून पाहिलं. पण हाताला कळतं ते शिकंज्याला कळत नाही, हे मिस्त्रीचं पालुपद! हट्टी माणूस, दुसरं काय.

एकदाच बाई चार दिवस बहिणीकडे राहिल्या होत्या. मिस्त्रीनं एकट्यानं उपद्व्याप केला, स्प्रिंग सुटली आणि उजवा अंगठा कायमचा वाकडा झाला. तेव्हापासून बाई कुठेही गेल्या तरी संध्याकाळी घरात.

आता ताईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. अंघोळ घालायलासुद्धा घरात कोणी नव्हतं. "महिनाभर ये गं," म्हणून तिचे तीन फोन झाले. बाईंनी विषय काढला की मिस्त्री कानस जोरात चालवायचा.

त्या दिवशी टेबलावर एक चाळीस वर्षांची बंदूक होती. मालकाच्या आजोबांची. तिच्यात अजून किती जोर आहे, तो आकडा त्याला लिहून हवा होता. आली तेव्हा जेमतेम तीन ज्यूल भरली होती. मिस्त्रीनं गंज खरवडला, नवी स्प्रिंग आणली. बाईंनी चामड्याचा सुकलेला वायसर दोन दिवस तेलात भिजवला. आता मिस्त्री ठोकळ्यावर छातीनं ओणवा झाला होता. तोंड लालबुंद.

"हं, सार!"

भोकं अगदी समोरासमोर होती. बाईंनी पिन सारली नाही.

"मी उद्या ताईकडे जाणार. महिनाभर."

"अगं, वेड लागलं का तुला? आधी पिन!"

"आधी हो म्हणा."

मिस्त्रीचे दंड थरथरू लागले. बाईंची नजर त्या वाकड्या अंगठ्यावर गेली आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली. उत्तर यायच्या आत त्यांचा हात पुढे झाला. पिन आत गेली, आणि त्याच क्षणी मिस्त्री ओरडला, "जा! जा बाई, जा!"

बंदूक जोडून झाल्यावर दोघं मागच्या खोलीत गेली. वेग मोजायच्या यंत्रापुढे मिस्त्रीनं चिंध्या भरलेल्या खोक्यात पाच छरे मारले. हिशेब नेहमीप्रमाणे बाईंचा. छरा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला एकशेऐंशी मीटर, म्हणजे आठ ज्यूल. पाची छऱ्यांच्या वेगात दोन मीटरचासुद्धा फरक नव्हता. मिस्त्री पोरासारखा खूश झाला.

मग तो आत गेला आणि माळ्यावरची बॅग स्वतः काढून घेऊन आला.

"शब्द दिलाय. जा तू. शनिवारी दोन बंदुका यायच्यात, त्यांचं बघतो मी एकटा."

त्यात टोमणा नव्हता. बॅगेवरची धूळसुद्धा त्यानंच पुसली. तो भांडला असता तर बाई तणतणत गेल्या असत्या, आणि कदाचित महिनाभर सुखानं राहिल्याही असत्या. आता त्या रिकाम्या बॅगेपुढे बसून राहिल्या. दोन साड्या ठेवल्या, काढल्या. बाहेर मिस्त्री एका हातानं ठोकळा दाबून दुसऱ्या हातानं पिन सारून बघत होता. ठोकळा सटकून खण्णकन जमिनीवर पडला. नळीत स्प्रिंग नव्हती म्हणून बरं.

बाईंनी फोन उचलला.

"ताई, मला नाही गं जमायचं."



"बरं," ताई म्हणाली. "शेजारीण घालते म्हणालीय अंघोळ. तिच्यासमोर लाज वाटते गं मला. पण होईल सवय."