ताटातले दोनशे रुपये

आपण दिलेली वस्तू परत घ्यायची जेवढी धास्ती माझ्या मोठ्या बाबांना होती, तेवढी झाडीपट्टीत कुणाला वाघाचीही नसेल. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. पाहुणा नेलेली छत्री परत द्यायला आला, की हे मागच्या दारानं वावरात पसार. एकदा शाळेचे गुरुजी उसनी नेलेली पायताणं अंगणात ठेवून गेले, तर हे ती हातात घेऊन अनवाणी त्यांच्यामागे धावले. "गुर्जी, तुमची पायतानं राह्यली!" गुरुजींनी शेवटी ती मुकाट्यानं पायात घातली.

खरा घोळ झाला तो आत्याच्या बाबतीत. वैनगंगेच्या पुरात तिच्या नवऱ्याचा मासेमारीचा डोंगा वाहून गेला. डोंगा नाही म्हणजे मासोळी नाही, आणि मासोळी नाही म्हणजे चूल नाही. आत्या कुणाकडे मागणारी नव्हती. मोठ्या बाबांनी गुपचूप एक बैल विकला आणि भाऊबिजेला रुपया टाकायच्या ताटात दोनशे रुपये टाकले. ताटात पडलं की ते बहिणीचं, मग कोण बोलणार? बैलाचं तिला कळलं तेव्हा डोंगा घेऊन झाला होता. आत्या म्हणाली, "हे कर्ज हाय, भाऊ. फिटल्याबिगर मी ओवाळत नाई. सावकाराले कोनी ओवाळते काय?" दोन भाऊबिजा मोठे बाबा कोऱ्या कपाळानं पाटावर बसून उठले. मी ते पाहिलं आहे, आणि मला हसू आलेलं नाही.

मासे विकून आत्यानं पैसे जमवले, ते घेऊन ती आली. मोठे बाबा अर्थातच वावरात. तिथून ते जे निघाले ते थेट चांद्याच्या कोर्टात, आणि दावा लावूनच परतले. दिलेले दोनशे रुपये आपले नाहीत, असं सरकारनं लिहून द्यावं! तारखेला वादी, प्रतिवादी आणि प्रतिवादीचा नवरा एकाच मोटारीत, एकाच बाकावर, शिदोरीही एकच. भांडण फक्त तिकिटाच्या पैशांवरून, कारण ते कर्जात धरायचे की ओवाळणीत, हे अजून ठरायचं होतं.

जज्जसाहेब म्हणाले, नुसतं देऊन भागत नाही, घेणारीनं ते आपलं म्हणून घ्यावं लागतं. त्यांनी आत्याला शपथेवर विचारलं, "पैसे ताटात पडले तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

आत्यानं पदर सावरून कठडा धरला. "काई नाई म्हटलं, साहेब. रडली मी. असा भाऊ कोनाले भेटते?"

निकाल ओवाळणीचा लागला. व्हरांड्यात चहावाल्याची बशी, स्टँपवाल्याची लाख वितळवायची मेणबत्ती आणि स्वतःच्या कपाळावरचं कुंकू घेऊन आत्यानं भर वैशाखात राहिलेल्या दोन्ही भाऊबिजा उरकल्या. मोठ्या बाबांनी खिसे चाचपले. सगळं वकिलाकडे गेलेलं. "जवाईबुवा, एक रुपया द्या जी," ते म्हणाले, आणि हरलेल्या बाजूचा रुपया बशीत पडला.

आत्या त्यांच्या आधी गेली. त्यानंतरच्या पहिल्या भाऊबिजेला मोठे बाबा ओसरीत माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "बापू, याच्यावर काई दावा लावता येत नाई काय रे?"